धक्क्यावर उभी असलेली आगगाडी

अलास्कातल्या व्हिटियर बंदरात सकाळी जहाज लागते, तेव्हा धक्क्याला लागूनच एक आगगाडी उभी असते. डब्यांचे छत काचेचे, कारण पुढे दिवसभर मान वर करूनच पाहायचे असते. आदल्या रात्री प्रवाशांनी बॅगांना रंगीत चिठ्ठ्या बांधून त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवलेल्या असतात. त्या आता देनालीच्या वाटेवरच्या लॉजमध्येच भेटणार. सात रात्री समुद्रावर काढलेला माणूस खांद्यावर एक पिशवी अडकवून जिना उतरतो, थोडे चालतो आणि गाडीत बसतो. गाडी सुटते, अडीच मैलांच्या बोगद्यात शिरते आणि डोंगरापलीकडे निघते.

आठवडाभर क्रूझ आणि पुढे तीन-चार दिवस जमिनीवरची सहल, ही जोडी आता आपल्याकडेही ओळखीची झाली आहे. पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्या ती विकतात. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांना सिएटलची किंवा बे एरियातली मुले हीच सहल भेट देतात. ज्याने-त्याने परत आल्यावर हिमनद्यांचे आणि देवमाशांचे फोटो दाखवावेत हे साहजिक आहे. मला मात्र त्या धक्क्यावरच्या गाडीचे फार कुतूहल वाटते. जहाज आणि रूळ इतके जवळ आणून कोणी ठेवले? याचा माग काढू लागले की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. या सहलीचा जवळजवळ एकही तुकडा सहलीसाठी बांधलेला नाही. बोगदा लढाईसाठी खोदला, रूळ कोळशासाठी आणि सोन्यासाठी टाकले, जहाजे टपाल आणि साल्मन माशांचे डबे वाहायला निघाली. एकेक धंदा बसत गेला आणि त्याची रिकामी वाट पर्यटकाच्या वाट्याला आली.

सुरुवात टपालाच्या बोटीपासून करावी लागते. अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेतला. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर शेकडो बेटांच्या आडोशाने शांत पाण्याची एक लांबलचक वाट आहे. तिला इनसाइड पॅसेज म्हणतात. बाहेर पॅसिफिक खवळलेला असला तरी आत बोट फारशी हलत नाही. या वाटेने महिन्यातून एकदा टपालबोट जाई. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन म्यूर हा निसर्गअभ्यासक हॉल यंग या मिशनऱ्याला घेऊन एका लाकडी होडीतून याच भागात वर सरकला. होडी वल्हवणारे आणि वाट दाखवणारे चौघे होते: तोयाटे, कडाचन, स्टिकीन जॉन आणि सिटका चार्ली. म्यूरने सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्राला पत्रे लिहिली आणि ग्लेशियर बे हे नाव लोकांच्या तोंडी बसू लागले.

पुस्तकांत या उपसागराचा 'शोध' म्यूरच्या नावावर टाकलेला असतो. तो मला मान्य होत नाही. हूना त्लिंगिट लोकांची घरेच तिथे होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि त्यांची गावे गिळत गेली. धावत्या कुत्र्याच्या वेगाने बर्फ अंगावर आला, असे त्यांच्या पिढीजात कथांत सांगतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेने पाहिले तेव्हा उपसागर असा नव्हताच, किनाऱ्याला एक लहानशी खाच होती आणि तिच्या आत बर्फाची भिंत. म्यूर पोचेपर्यंत ती भिंत तीस मैलांहून अधिक मागे हटली होती आणि हूना लोक त्या मोकळ्या पाण्यात सील मारायला, मासे धरायला केव्हाच परतले होते.

१८८३ च्या जुलैमध्ये 'आयडाहो' या टपालबोटीचा कप्तान जेम्स कॅरल याने नेहमीची वाट सोडली आणि प्रवाशांसह बोट या उपसागरात घातली. त्या बोटीवर एलायझा रुहामा सिडमोर नावाची सव्वीस वर्षांची वार्ताहर होती. दोन वर्षांनी तिच्या पत्रांचे पुस्तक झाले आणि अलास्काला सहलीला जाणाऱ्यांना पहिली मार्गदर्शिका मिळाली. बाई विलक्षण होत्या. पुढे त्यांनी हिंदुस्थानचा प्रवास करून १९०३ मध्ये त्यावरही पुस्तक काढले, आणि वॉशिंग्टनमध्ये जपानी चेरीची झाडे लावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तोही त्यांनीच. ग्लेशियर बेमधल्या एका हिमनदीला आज त्यांचे नाव आहे.

कॅरलच्या त्या आडवळणाने पॅसिफिक कोस्ट स्टीमशिप कंपनीला नवे उत्पन्न दाखवून दिले. उन्हाळ्यात साल्मनच्या कारखान्यांचे सामान पोचवणाऱ्या बोटी तशाही उत्तरेला जातच होत्या. त्यांच्यात केबिनी वाढवल्या, 'क्वीन' नावाची मोठी बोट खास सहलींसाठी फिरू लागली. बोट म्यूर हिमनदीसमोर नांगर टाकी. लांब झगे घातलेल्या बाया आणि टोप्या घातलेले पुरुष छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर उतरत आणि टोकाला लोखंड बसवलेल्या काठ्या टेकत थेट बर्फावर चढत. सिटका आणि रँगेलच्या धक्क्यांवर त्लिंगिट बायका विणलेल्या टोपल्या मांडून बसत. आजच्या क्रूझचा दिनक्रम तेव्हाच ठरला: सकाळी बंदर, दुपारी खरेदी, मग हिमनदी, रात्री परत केबिन.

टोपल्यांची खरेदी तरी सरळ होती. १८९९ मध्ये सिएटलच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांचे एक मंडळ 'सिटी ऑफ सिएटल' बोटीने असेच सहलीला आले. टोंगास गावी लोक मासेमारीला बाहेर गेले असताना त्यांनी किनिनूक घराण्याचा टोटेम खांब पाडला, वाहून नेता यावा म्हणून त्याचे करवतीने दोन तुकडे केले आणि तो सिएटलच्या पायोनियर चौकात उभा केला. खटला झाला, पाचशे डॉलर भरून प्रकरण मिटले. त्याच उन्हाळ्यात हॅरिमन या रेल्वेसम्राटाच्या मोहिमेने केप फॉक्स गावातून असेच खांब आणि इतर वस्तू उचलल्या. त्यांतल्या अनेक २००१ मध्ये परत आल्या. सहलीचा इतिहास सांगताना ही पाने उलटून पुढे जाणे बरोबर नाही. टोटेम खांब बघायला म्हणून बोटी भरत होत्या आणि त्याच बोटींतून ते नाहीसेही होत होते.

१० सप्टेंबर १८९९ ला याकुटाट उपसागरात भयंकर भूकंप झाला. म्यूर हिमनदीचे तोंड फुटले, हिमखंडांनी पाणी भरून गेले आणि पुढची कित्येक वर्षे बोटींना तिथे शिरता येईना. कंपन्यांनी जूनोजवळची ताकू हिमनदी दाखवायला सुरुवात केली. पण तोवर या कहाणीत जमीन आली होती.

१७ जुलै १८९७ ला 'पोर्टलँड' बोट क्लोंडाइकचे सोने घेऊन सिएटलला लागली आणि हजारो माणसे उत्तरेला धावली. स्कॅगवेला उतरायचे, डोंगर चढायचे, बेनेट सरोवरावर होडी बांधायची आणि युकॉन नदीने डॉसनला जायचे. वर्षभराचा शिधा, म्हणजे जवळजवळ एक टन सामान, सोबत असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. त्यामुळे माणसे तीच चढण पाठीवर ओझी घेऊन वीस-तीसदा चढत. मे १८९८ मध्ये इंग्लंडच्या भांडवलावर आणि मायकेल हेनी या कंत्राटदाराच्या हिमतीवर व्हाइट पास रेल्वेचे काम सुरू झाले. तीन फुटी अरुंद रूळ, कडे फोडून काढलेली वाट, वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फुटांची चढण. २९ जुलै १९०० ला कारक्रॉसला शेवटचा खिळा बसला आणि स्कॅगवे ते व्हाइटहॉर्स ११० मैल जोडले गेले. तोवर सोन्याची लाट ओसरली होती.

रेल्वे हाताशी आणि माल कमी, अशा वेळी कंपनीने जे केले ते मला या साऱ्या कुळकथेतले सर्वांत रम्य प्रकरण वाटते. तिने १९१७ मध्ये कारक्रॉसला 'तुत्शी' नावाची चाकाची आगबोट बांधली. आता स्कॅगवेला जहाजातून उतरलेला प्रवासी गाडीने डोंगर ओलांडे, कारक्रॉसला तुत्शीत बसे आणि सरोवरांतून दक्षिणेला जात जात ताकू आर्मच्या टोकाशी पोचे. तिथे, कुठल्याही गावापासून दूर, कड्यांच्या पायथ्याशी एक फुललेली बाग होती. ऑटो आणि केट पार्ट्रिज हे दांपत्य सोन्याच्या खाणीपायी तिथे आले होते. खाण दरडीने संपवली. ते मात्र राहिले. घराचे नाव बेन-माय-क्री. उत्तरेच्या न मावळणाऱ्या उन्हाळी उजेडात तिथली फुले बेसुमार वाढत. बोट लागली की केटबाई पाहुण्यांना घरात नेत, ऑर्गन वाजवत, घरी केलेली रूबार्बची वाइन देत. बोटीच्या परतीच्या शिट्टीपर्यंत परके लोक त्या अरण्यात घरच्यासारखे बसून असत. १९३० च्या सुमारास दोघेही वारले, तरी बागेची सहल पुढे बरीच वर्षे चालली. समुद्रातले जहाज, डोंगरातली गाडी आणि पुन्हा सरोवरातली बोट एका तिकिटाच्या साखळीत ओवणारी ही सहल आजच्या जोड-सहलीची खरी आजी आहे.

आणखी पश्चिमेला तांबे होते. केनेकॉटच्या खाणींसाठी त्याच हेनीने कॉर्डोव्हा बंदरापासून १९६ मैलांची रेल्वे घातली. ती १९११ मध्ये पुरी झाली. दोन हिमनद्यांच्या मधून कॉपर नदी ओलांडणारा तिचा पूल आजही 'मिलियन डॉलर ब्रिज' म्हणून ओळखला जातो. तिसरी रेल्वे खुद्द अमेरिकी सरकारची. मातानुस्काचा कोळसा आणि आतला प्रदेश बंदराला जोडावा म्हणून १९१५ मध्ये तिचे काम निघाले. कामगारांच्या तंबूंच्या वस्तीतून अँकरेज शहर जन्मले. १५ जुलै १९२३ ला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी नेनानाला सोन्याचा खिळा ठोकला. ते आले होते 'हेंडरसन' या नौदलाच्या जहाजाने, आणि सेवर्डहून पुढे गेले त्याच रेल्वेने.

सेवर्ड ते फेअरबँक्स ४७० मैल आणि गाडीला लागत दोन दिवस. म्हणून वाटेत करी नावाच्या ठाण्यावर रेल्वेने हॉटेल बांधले. सगळे प्रवासी रात्री तिथे उतरत, सकाळी तीच गाडी पुढे निघे. नदीवर झुलता पूल टाकून पलीकडच्या टेकडीवरून देनाली शिखर बघायची सोयही केली. ते हॉटेल १९५७ मध्ये जळाले. देनालीचे राष्ट्रीय उद्यान १९१७ मध्येच जाहीर झाले होते, तेव्हा माउंट मॅकिन्ली या नावाने. त्यामागे चार्ल्स शेल्डन या शिकारी-अभ्यासकाची धडपड होती. रेल्वे येणार, तिच्या कामगारांना मांस लागणार आणि डोंगरातल्या पांढऱ्या मेंढ्या त्यात संपणार, हे त्याने आधीच ओळखले होते. ज्या रेल्वेपासून प्राणी वाचवायचे म्हणून उद्यान झाले, तिच्याच डब्यांतून उद्यानाचे पहिले पाहुणे आले.

१९२० च्या दशकात या तुकड्यांची एक साखळी झाली. गोल्डन बेल्ट लाइन असे तिचे नाव. जहाजाने कॉर्डोव्हाला उतरायचे, तांब्याच्या रेल्वेने चिटिनाला जायचे, तिथून मोटारीने रिचर्डसन रस्ता धरून फेअरबँक्स, मग सरकारी रेल्वेने उद्यान पाहत सेवर्ड आणि पुन्हा जहाज. मुळात लष्कराने आखलेल्या आणि घोडागाड्यांनी रुळवलेल्या त्या रस्त्यावर ठिकठिकाणी लाकडी ओंडक्यांची रोडहाऊस होती. तिथे जेवण आणि बिछाना मिळे. मोटारींच्या धंद्यात आघाडीवर होता बॉबी शेल्डन. मोटार नावाची वस्तू प्रत्यक्ष कधीही न पाहता, केवळ चित्रांवरून, या पोराने १९०५ मध्ये स्कॅगवेत एक मोटार बनवली होती. ती आजही फेअरबँक्समध्ये जतन केलेली आहे. १९१३ मध्ये त्याने फोर्ड गाडी फेअरबँक्सहून व्हाल्डीझला नेऊन दाखवली आणि १९२५ पासून उद्यानातल्या तंबूंच्या मुक्कामावर पाहुण्यांची ने-आण तोच भागीदारीत करू लागला.

१९३८ मध्ये खाणीतले चांगले तांबे संपले, केनेकॉटची रेल्वे बंद झाली आणि साखळीतली पहिली कडी निसटली.

मग युद्ध आले. जपानी विमानांनी १९४२ च्या जूनमध्ये डच हार्बरवर बाँब टाकले. सैन्याला बर्फात न गोठणारे, ढगांत झाकलेले आणि रेल्वेला जवळचे बंदर हवे होते. डोंगर पोखरून व्हिटियरला १९४३ मध्ये रूळ पोचले. सुरुवातीला ज्या बोगद्यातून गाडी गेली तो हाच. १९६० मध्ये सैन्य निघून गेले. मागे उरलेल्या एका चौदा मजली इमारतीत आज गावातली बहुतेक माणसे राहतात.

युद्धानंतर चक वेस्ट नावाचा वैमानिक फेअरबँक्सहून छोट्या विमानाने लोकांना नोमला आणि उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या कॉट्झेब्यूला नेऊ लागला. त्याने पुढे बस घेतल्या, हॉटेले बांधली आणि युद्धातल्या जुन्या कॅनेडियन युद्धनौकांपासून बनवलेल्या 'ग्लेशियर क्वीन' आणि 'युकॉन स्टार' या बोटीही घेतल्या. त्याच्या आधी जहाज एकाचे, गाडी दुसऱ्याची, मोटार तिसऱ्याची असे होते. वेस्टने सगळे एका मालकीखाली आणले, आणि आजची जोड-सहल धंदा म्हणून उभी राहिली ती तिथे. तिकडे अलास्का स्टीमशिप कंपनीने १९५४ मध्ये प्रवासी नेणे थांबवले होते, कारण माणसे विमानाने जाऊ लागली होती.

विमानांनी आणखी एक घराणे बेकार केले. रॉटरडॅममध्ये १८७३ ला स्थापन झालेल्या हॉलंड अमेरिका कंपनीची अटलांटिकवरची गिऱ्हाइके जेटने पळवली. नवे पाणी शोधणाऱ्या या कंपनीने १९७१ मध्ये वेस्टची वेस्टूर्स विकत घेतली. जहाजांबरोबर बस आणि हॉटेलेही मिळाली. दुसरी मोठी कंपनी प्रिन्सेस. तिचा जन्मच भाड्याच्या जहाजावर झाला. उन्हाळ्यात अलास्काला जाणारे कॅनेडियन पॅसिफिकचे 'प्रिन्सेस पॅट्रिशिया' हिवाळ्यात रिकामे असे. १९६५ मध्ये स्टॅन मॅकडोनल्डने ते मेक्सिकोच्या सहलींसाठी भाड्याने घेतले आणि नावही त्यावरूनच आले. अमेरिकेत लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे मागे पडली तेव्हा तिचे काचेच्या घुमटांचे डबे कवडीमोल झाले होते. १९८० च्या दशकात टूर कंपन्यांनी असे डबे अलास्कात आणून सरकारी रेल्वेच्या इंजिनांमागे लावले. हॉलंड अमेरिका १९८९ मध्ये आणि प्रिन्सेस २००३ मध्ये, दोन्ही कार्निव्हल समूहात गेल्या.

तरी एक प्रश्न उरतो. जहाज जिथून निघाले तिथेच परत का येत नाही? मधेच सोडून गाडी का धरायची? त्याचे उत्तर १८८६ च्या एका कायद्यात आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असे तो सांगतो. मोठी क्रूझ जहाजे बहुतेक परदेशी ध्वजाची. म्हणून सिएटलहून निघालेले जहाज फेरी पुरी करून सिएटललाच परतते आणि वाटेत कॅनडातल्या एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, टेकते. मात्र व्हँकुव्हरहून, म्हणजे परदेशातून, निघालेल्या जहाजाला सेवर्ड किंवा व्हिटियरला प्रवासी कायमचे उतरवण्याची मुभा आहे. एकेरी सफर शक्य झाली ती अशी, आणि एकेरी सफर जिथे संपते तिथे नेमके रेल्वेचे टोक आहे. २०२१ मध्ये साथीमुळे कॅनडाने बंदरे बंद केली तेव्हा या कायद्यापुढे सारा मोसम अडला. मे महिन्यात अमेरिकी संसदेला तात्पुरती सूट देणारा खास कायदा करावा लागला.

जमिनीवरही हीच रीत चालू आहे. शिशाच्या आणि जस्ताच्या किमती कोसळून तिला माल पुरवणारी खाण बंद पडली म्हणून व्हाइट पास रेल्वे १९८२ मध्ये थांबली. १९८८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती केवळ क्रूझच्या प्रवाशांसाठी. स्कॅगवेत तिच्या गाड्या आज थेट जहाजांच्या धक्क्यापर्यंत येतात. व्हिटियरच्या बोगद्यातून २००० पासून मोटारीही जातात, रूळ मोकळा असेल त्या वेळेत. देनालीत १९७२ मध्ये नवा महामार्ग जोडला जाताच खाजगी मोटारींना आतल्या ९२ मैलांच्या रस्त्याच्या बहुतेक भागावर बंदी घालून बस सुरू केल्या. अस्वल आणि कॅरिबू रस्त्यालगत बिनधास्त दिसतात, याचे मोठे श्रेय मी त्या निर्णयाला देईन. २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रिटी रॉक्स इथे खालची गोठलेली जमीन वितळून रस्ता खचला आणि निम्मी वाट बंद करावी लागली.

गर्दी मात्र आता वेगळ्याच मापाची आहे. २०२३ मध्ये सोळा लाखांहून अधिक लोक क्रूझने अलास्काला गेले. जूनोची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. तिने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, आणि २०२६ पासून दिवसाला १६,००० प्रवासी, शनिवारी १२,०००, अशा मर्यादा कंपन्यांकडून मान्य करून घेतल्या. शनिवारी एकही मोठे जहाज नको, हा ठराव मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये मतदारांनीच फेटाळला. अनेक घरांची चूल याच मोसमावर पेटते. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी आहे.

त्या उपसागराच्या तोंडासमोर हूना गाव आहे. गावाबाहेर १९१२ मधला साल्मन डबाबंद करण्याचा कारखाना होता, तोही १९५० च्या दशकात थंडावला. १९९६ मध्ये हूना टोटेम या त्लिंगिट भागधारकांच्या कंपनीने तो विकत घेतला आणि २००४ मध्ये तिथे आइसी स्ट्रेट पॉइंट नावाने क्रूझचे बंदर उघडले. धक्का त्यांचा, बस त्यांच्या, किती जहाजे घ्यायची हेही तेच ठरवतात. २०१६ मध्ये उपसागराच्या आत, बार्टलेट कोव्हला, हूना लोकांचे सामायिक घर उभे राहिले. देवदाराच्या कोरीव भिंतींवर तिथून परागंदा झालेल्या चार कुळांच्या कथा आहेत. उन्हाळ्यात क्रूझ जहाज आत शिरताना एक छोटी होडी त्याच्या बाजूला लागते आणि उद्यानाचे रेंजर दोरांच्या शिडीने वर चढतात. हूना लोकांचे वाटाडेही जहाजावर येतात आणि समोरचा बर्फ कोणाच्या घरांवरून गेला ते प्रवाशांना सांगतात.